‘अ लॉट’ लिहिताना मध्ये जागा सोडा



या महिन्यात एकाच लहानशा शब्दजोडीबद्दल बोलू. आपली मुले शाळेच्या निबंधात ती वापरतात, मोठी मुले नोकरीच्या अर्जात वापरतात, आणि आखातात असलेली मंडळी साहेबाला मेसेज पाठवताना वापरतात. ती शब्दजोडी म्हणजे ‘अ लॉट ऑफ’. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे : पुष्कळ, बरेच, खूप. बोलताना सहसा काही बिघडत नाही. घोळ होतो तो कागदावर उतरवताना.

हा घोळ चार प्रकारचा असतो. कोणी दोन शब्द जोडून एकच करतो. कोणी त्यात आणखी एक ‘एल’ घालतो. कोणी सुरुवातीचा ‘अ’ गाळतो. आणि कोणी शेवटी नको असलेला ‘एस’ लावतो. एकेक पाहू या.

दोन शब्द, मध्ये जागा

‘अ लॉट’ हे दोन शब्द आहेत. आधी ‘ए’ हे एकटे अक्षर, मग रिकामी जागा, मग एल-ओ-टी. बोलताना आपण ते एका दमात म्हणतो, त्यामुळे कानाला एकच शब्द ऐकू येतो आणि हात तसेच लिहून जातो. ‘अगेन’, ‘अलोन’, ‘अवे’ हे शब्द जोडून लिहायचे असतात, मग ‘अ लॉट’ का नाही, असे मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. मराठीत तर प्रत्यय शब्दाला चिकटवूनच लिहितात : घर, घरात, घराजवळ. पण ही चूक फक्त आपल्याच मुलांची नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांची मुलेही ती सर्रास करतात आणि त्यांचे शिक्षकही ती तितक्याच वेळा दुरुस्त करतात.

मुलांना नियम पाठ करायला लावण्यापेक्षा एक कसोटी शिकवा. दोन शब्दांच्या मध्ये तिसरा शब्द बसतो का, ते पाहायचे. इंग्रजीत ‘अ होल लॉट’ असे म्हणतात, म्हणजे ‘अ’ आणि ‘लॉट’ यांच्यामध्ये ‘होल’ हा शब्द आरामात बसतो. ज्यांच्यामध्ये पाहुणा बसू शकतो ते दोघे वेगळे. ‘अगेन’च्या मध्ये असे काही घालता येत नाही, म्हणून तो एकच शब्द.

दुसरा उपाय म्हणजे चार भावंडे एका ओळीत लिहून घेणे : अ लॉट, अ बिट, अ फ्यू, अ लिटल. ‘अ फ्यू’ कोणी जोडून लिहीत नाही. मग ‘अ लॉट’ही जोडायचे नाही. हाच धडा ‘अ‍ॅट लीस्ट’ आणि ‘इन फॅक्ट’ यांनाही लावा. आपल्याकडच्या अर्जांत हे दोन्ही जोडून लिहिलेले फार दिसतात, पण तेही दोन-दोन शब्द आहेत.

दोन ‘एल’ आले की शब्द बदलतो

जोडून लिहिताना कुणाला वाटते की स्पेलिंग अपुरे दिसते आहे, म्हणून तो आणखी एक ‘एल’ घालतो : ए-एल-एल-ओ-टी. हा शब्द इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ ‘पुष्कळ’ नव्हे. ते क्रियापद आहे. अर्थ : नेमून देणे, वाटून देणे. म्हाडाच्या सोडतीत घर लागले की ते ‘अलॉट’ झाले म्हणतात. मुलीला प्रवेशाच्या फेरीत कॉलेज मिळाले की ‘सीट अलॉट झाली’ असे आपण मराठीतही म्हणतो.

मोबाइलवर लिहिताना इथे विशेष लक्ष द्या. जोडून लिहिलेला शब्द चुकीचा आहे हे मोबाइल ओळखतो आणि कधी कधी स्वतःच दुरुस्ती करतो. पण ती दुरुस्ती दरवेळी आपल्या मनातलीच असेल असे नाही. ‘थँक्स अ लॉट’ म्हणायचे असते आणि समोरच्याला ‘आभार, वाटून द्या’ असे काहीतरी पोहोचते. शिवाय परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मोबाइल नसतो. तिथे हाताला जी सवय असेल तेच उतरते.

लाकडाच्या तुकड्यापासून ‘पुष्कळ’पर्यंत

दोन ‘एल’वाला ‘अलॉट’ आणि आपला ‘अ लॉट’ हे दिसायला सारखे आहेत, यामागे कारण आहे. दोघांच्या पोटात एकच जुना शब्द आहे : ‘लॉट’. जुन्या इंग्रजीत ‘लॉट’ म्हणजे चिठ्ठी टाकण्यासाठी वापरायचा लाकडाचा तुकडा किंवा तसलीच एखादी वस्तू. कोणाला काय मिळणार हे ठरवायचे असले की असे तुकडे टाकायचे आणि ज्याचा निघेल त्याला तो वाटा. ‘लॉटरी’ हा शब्द याच कुळातला.

आपल्या घरांना ही पद्धत परकी नाही. हजसाठी अर्ज जास्त आणि जागा कमी असल्या की हज कमिटी कुर्रा काढते. कुर्रा म्हणजे इंग्रजी ‘लॉट’च. सूरह आले इम्रानमध्ये हजरत मरयम (अ.स.) यांचा सांभाळ कोणी करावा हे ठरवण्यासाठी कलमे टाकली गेल्याचा उल्लेख आहे. प्रवासाला निघताना कोणती पत्नी सोबत येणार हे प्रेषित (स.) चिठ्ठी टाकून ठरवत, असे हदीसमध्ये येते. उद्देश एकच की, वाटणीत कुणावर अन्याय होऊ नये.

पुढे इंग्रजीत ‘लॉट’ या शब्दाचा अर्थ सरकत गेला. आधी चिठ्ठी, मग चिठ्ठीने मिळालेला वाटा, मग माणसाच्या वाट्याला आलेले आयुष्य, म्हणजे नशीब. आपण रोज वापरतो ते ‘नसीब’ आणि ‘किस्मत’ हे दोन्ही अरबी शब्द नेमके याच वाटेने आले आहेत. अरबीत ‘नसीब’ म्हणजे हिस्सा. सूरह निसामध्ये वारसाहक्काच्या संदर्भात पुरुषांचा आणि स्त्रियांचा हिस्सा सांगताना हाच शब्द आला आहे. ‘किस्मत’च्या मुळाशीही वाटणी करणे हाच अर्थ आहे.

इंग्रजी ‘लॉट’ मात्र इथे थांबला नाही. लिलावात मालाचे ढीग पाडून एकेक ढीग विकतात, त्या ढिगालाही ‘लॉट’ म्हणू लागले. आपल्या बाजारातही ‘आंब्याचा पहिला लॉट’ असे म्हणतातच. ढीग म्हटला की पुष्कळपणा आलाच. त्यातून ‘अ लॉट ऑफ’ म्हणजे ‘पुष्कळ’ हा अर्थ रूढ झाला. तो एकोणिसाव्या शतकापासून चांगलाच पसरला.

ही हकिगत सांगण्याचे कारण एवढेच की, मुलांना शब्दाचा मूळ अर्थ कळला की स्पेलिंग आपोआप लक्षात राहते. ‘अ लॉट’ म्हणजे ‘एक ढीग’. मराठीत ‘एकढीग’ असे जोडून आपण लिहीत नाही. मग इंग्रजीतही नाही.

‘अ’ गाळू नका, ‘एस’ वाढवू नका

आता तिसरी चूक. ‘लॉट ऑफ पीपल केम’ असे वाक्य आपल्याकडे पदवीधरही लिहितात. इथे सुरुवातीचा ‘अ’ राहून गेला. कारण सरळ आहे. मराठीत आणि उर्दूत नामाआधी ‘अ’, ‘द’ असे काही लावावे लागत नाही, त्यामुळे ते लिहायचे राहते. पण ढीग एक आहे हे इंग्रजीला सांगावे लागते : ‘अ लॉट ऑफ पीपल केम’.

चौथी चूक याच्या उलट आहे : ‘अ लॉट्स ऑफ’. ‘अ’ म्हणजे एक आणि ‘लॉट्स’ म्हणजे अनेक ढीग. एक आणि अनेक एकत्र कसे येतील? म्हणून दोनच रूपे बरोबर आहेत : ‘अ लॉट ऑफ’ किंवा ‘लॉट्स ऑफ’. दुसरे रूप जास्त घरगुती आहे. भावाला लिहिताना चालेल, मुख्याध्यापकांना लिहिताना नको.

हा एवढासा ‘अ’ किती काम करतो हे पाहायचे असेल तर ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ हे शब्द घ्या. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे काही लोक आले. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसे कोणी आलेच नाही. पहिल्या वाक्यात समाधान आहे, दुसऱ्यात तक्रार. ‘अ लिटल पेन’ म्हणजे थोडे दुखते आहे. ‘लिटल पेन’ म्हणजे दुखणे जवळजवळ नाहीच. अम्मीच्या तब्येतीबद्दल परगावच्या डॉक्टरांना इंग्रजीत मेसेज लिहिताना हा ‘अ’ सुटला, तर डॉक्टर उलटे समजू शकतात. ‘लॉट’च्या बाबतीत ‘अ’ गाळल्याने वाक्य नुसते अशुद्ध होते. ‘फ्यू’ आणि ‘लिटल’च्या बाबतीत अर्थच फिरतो.

‘ऑफ’ कधी हवा?

पुढे नाम आले तर ‘ऑफ’ हवा : ‘अ लॉट ऑफ बुक्स’, ‘अ लॉट ऑफ राइस’. पुढे नाम नसेल तर ‘ऑफ’ नको : ‘शी रीड्स अ लॉट’, म्हणजे ती पुष्कळ वाचते. ‘थँक्स अ लॉट’ इथेच संपते. तुलना करतानाही ‘ऑफ’ येत नाही : ‘अब्बा इज अ लॉट बेटर टुडे’, म्हणजे आज अब्बांना पुष्कळ बरे आहे.

‘अ लॉट ऑफ’ची मोठी सोय अशी की, ते मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या दोन्ही गोष्टींना चालते. ‘मेनी’ फक्त मोजता येणाऱ्यांना आणि ‘मच’ फक्त न मोजता येणाऱ्यांना. म्हणून कोणता शब्द वापरावा असा संभ्रम पडला की लोक ‘अ लॉट ऑफ’चा आधार घेतात, आणि ते ठीक आहे. मात्र न मोजता येणाऱ्या नामाला ‘एस’ लावू नका. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘अ‍ॅडव्हाइस’ हे शब्द इंग्रजीत अनेकवचनी होत नाहीत. उमराहून परतताना सामान कितीही असो, ‘अ लॉट ऑफ लगेज’च लिहायचे.

क्रियापद कोणाच्या बाजूने?

‘लॉट’ हा शब्द एकवचनी आहे, म्हणून पुढे नेहमी ‘इज’ येईल असे वाटते. तसे नाही. ‘ऑफ’नंतर जे नाम येते त्याच्याकडे बघून क्रियापद ठरते.

‘अ लॉट ऑफ चिल्ड्रन आर अ‍ॅबसेंट.’ मुले अनेक, म्हणून ‘आर’.
‘अ लॉट ऑफ वॉटर इज वेस्टेड.’ पाणी मोजता येत नाही, म्हणून ‘इज’.

मराठीशी हे अगदी जुळते. ‘पुष्कळ मुले आली’ आणि ‘पुष्कळ पाणी आले’ असे आपण म्हणतो. क्रियापद ‘पुष्कळ’कडे बघत नाही, मुलांकडे आणि पाण्याकडे बघते. मुलांना इतके सांगितले तरी पुरे.

याच्याच शेजारी एक फसवी जोडी आहे. ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे बरेच, त्यामुळे पुढे ‘आर’ : ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर अ‍ॅबसेंट’. पण ‘द नंबर ऑफ’ म्हणजे संख्या, आणि संख्या एकच, म्हणून ‘इज’ : ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज फॉर्टी’. स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीच्या तयारीत ही जोडी मुलांकडून पक्की करून घ्या.

अर्जात ढीग नको, आकडा हवा

आतापर्यंत सांगितले ते शुद्धलेखन झाले. पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ‘अ लॉट ऑफ’ अगदी बिनचूक लिहिले तरी ते सगळीकडे शोभत नाही. ती बोलण्यातली भाषा आहे. पत्रात, निबंधात, आप्तांना लिहिताना ती गोड वाटते. अर्जात, तक्रारीत, अहवालात ‘मेनी’, ‘मच’, ‘अ लार्ज नंबर ऑफ’ हे शब्द अधिक योग्य. आणि सगळ्यांत योग्य म्हणजे सरळ आकडा.

समजा, एका तरुणाने नोकरीच्या अर्जात लिहिले : ‘आय हॅव अ लॉट ऑफ एक्सपीरियन्स’. वाचणाऱ्याला काय कळले? काहीच नाही. तसे तर सगळेच लिहितात. त्याऐवजी ‘आय हॅव फोर इयर्स ऑफ एक्सपीरियन्स अ‍ॅज अ‍ॅन एसी टेक्निशियन’ असे लिहिले तर एका ओळीत माणूस उभा राहतो.

आता याहून अवघड प्रसंग घ्या. आखातात काम करणाऱ्या कुणाचा पगार अडकला आहे आणि त्याला वकिलातीकडे किंवा तिथल्या कामगार कार्यालयाकडे अर्ज करायचा आहे. घरून धाकटा भाऊ किंवा कॉलेजात जाणारी मुलगी तो अर्ज लिहून पाठवते. ‘अ लॉट ऑफ माय सॅलरी इज पेंडिंग’ असे वाक्य व्याकरणात बसते, पण कामाचे नाही. अर्ज वाचणारा अधिकारी ‘पुष्कळ’ या शब्दावर कारवाई करू शकत नाही. दरमहा 1,500 रियाल, तीन महिन्यांचे एकूण 4,500 रियाल, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, हे सगळे लिहिले तरच अर्जाला वजन येते. पुढे कंपनीने ‘थोडेच बाकी होते’ असे म्हटले, तर ‘पुष्कळ’ आणि ‘थोडे’ यांच्या वादात गरीब माणूसच हरतो. आकडा मात्र सहजासहजी वाकत नाही.

ही शिकवण आपल्याला नवीन नाही. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि तिचा विषय आहे उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवणे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असा तिचा आशय आहे. मापात खोट करणाऱ्यांच्या नावाने तर एक संपूर्ण सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. ते माप तराजूचे. पण शब्दांनाही माप असते. अनुभव दोन वर्षांचा असताना ‘अ लॉट ऑफ एक्सपीरियन्स’ लिहिणे म्हणजे मापाबाहेर जाणे. आणि आपले हक्काचे 4,500 रियाल ‘पुष्कळ’मध्ये बुडू देणे म्हणजे स्वतःलाच कमी माप देणे.

म्हणून घरात एक साधा नियम ठेवा. जिथे प्रेम, आभार, आनंद सांगायचा तिथे ‘अ लॉट’ खुशाल लिहा. जिथे पैसा, दिवस, माणसे, औषधाचा डोस सांगायचा तिथे आकडा लिहा.

घरी करून पाहा

मुलांना जवळ बसवून पुढची पाच वाक्ये दुरुस्त करून घ्या. इंग्रजी स्पेलिंग त्यांनी वहीत लिहायचे.

1. लॉट ऑफ गेस्ट्स केम फॉर ईद.
2. अ लॉट्स ऑफ स्वीट्स वेअर मेड.
3. अ लॉट ऑफ मिल्क वेअर लेफ्ट.
4. थँक्स अ लॉट ऑफ फॉर द ईदी, खालाजान.
5. द नंबर ऑफ प्लेट्स आर ट्वेंटी.

उत्तरे : पहिल्यात सुरुवातीला ‘अ’ हवा. दुसऱ्यात ‘अ लॉट ऑफ’ किंवा ‘लॉट्स ऑफ’, दोन्हीपैकी एक. तिसऱ्यात दूध मोजता येत नाही, म्हणून ‘वॉज’. चौथ्यात ‘ऑफ’ नको, कारण ‘थँक्स अ लॉट’नंतर थेट ‘फॉर द ईदी’ येते. पाचव्यात संख्या एकच, म्हणून ‘इज’.

वही तपासताना एक गोष्ट आवर्जून पाहा : ज्या वाक्यांत ‘अ लॉट’ आहे, त्या प्रत्येक ठिकाणी ‘अ’ आणि ‘लॉट’ यांच्यामध्ये बोटभर नाही, पण एका अक्षराएवढी तरी जागा सोडली आहे का? सोडली असेल तर शाबासकी द्या, आणि पुढच्या वेळी एखादा खरा अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्या. घरात कोणाचे ना कोणाचे काम अडलेलेच असते. मुलांचे इंग्रजी सुधारेल आणि ते कामही मार्गी लागेल, इन्शाअल्लाह.